साडूंच्या तीन कॉप्या

आमच्या मोठ्या साडूंइतका फोटोंवर अविश्वास असलेला फोटोग्राफर अख्ख्या नागपुरात दुसरा सापडणार नाही. बटण दाबलं की फोटो झाला, असं तुम्ही-आम्ही समजतो. साडूंच्या लेखी तो तेव्हा नुसता जन्माला आलेला असतो, जगेल की नाही याची काही खात्री नसते. म्हणून जिथे फोटो काढायचे तिथेच बसून लॅपटॉप उघडायचा आणि कार्डातलं सगळं तीन हार्ड डिस्कवर उतरवायचं, हा त्यांचा नेम. एक डिस्क स्वतःच्या पोटाला बांधलेल्या पट्ट्यात, दुसरी ताईंच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, डब्याच्या पिशवीत, आणि तिसरी माझ्याकडे. तिघांनी एका गाडीवर बसून घरी जायचं नाही. का, तर अपघात सांगून येत नाही.

एकदा दोन्ही कुटुंबं जंगलात वाघ पाहायला गेलो. वाघ दिसला, साडूंनी भराभर फोटो काढले. पुढे तोच वाघ ऐन रस्त्यावर येऊन बसला, तेव्हा साडू त्याच्याकडे पाठ करून मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये कार्ड रिकामं करत होते. ताई कुजबुजल्या, "अहो, वाघ पाहा ना."

"पाह्यला ना," साडू मान वर न करता म्हणाले. "आता त्याले जपून ठेवून राह्यलो."

सक्करदऱ्याच्या एका लग्नात, भर मे महिन्यात, त्यांनी वऱ्हाड्यांकडचा कूलर लॅपटॉपकडे वळवला. नवरदेवाचे मामा घामाने निथळत भांडायला आले, "काहून फिरवला कूलर?" साडू शांतपणे म्हणाले, "मामाजी, तुमचा घाम पुसता येते. नवरीची हळद याच्यात आहे." मामा दुसऱ्या कूलरकडे गेले.

या नेमाची मला भयंकर चीड येई. पण मी सांगणार आहे ती गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या मारबतीच्या दिवसाची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची, म्हणजे बाईच्या रूपातल्या एका मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. तिच्याबरोबर बांबू-कागदाचे मोठमोठे पुतळेही निघतात, त्यांना बडगे म्हणतात. वर्षभराची पीडा त्यांच्या माथी मारायची आणि शेवटी त्यांना जाळायचं. महाल भागातल्या एका गल्लीचा बडग्या वर्षानुवर्षं एकच म्हातारबुवा बनवत. त्या साली त्यांचे हात फार कापू लागले होते. त्यांची मुलगी साडूंकडे आली. "काका, बाबाचे फोटो काढा. पुढच्या साली त्यांच्यानं होते का नाही, सांगता येत नाही."

साडूंनी ते मनावर घेतलं. पहाटेपासून बुवांच्या मागे होते. कामट्या बांधताना, रंग देताना, बडग्याला मिशी चिकटवताना, सगळं टिपलं. मिरवणूक इतवारीत पोचली आणि साडूंची कॉप्या करायची वेळ झाली. एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर ते बसले, मी वर छत्री धरली. समोरून ढोल-ताशे पुढे निघून गेले.

"दादा, बडग्या गेला पुढे," मी म्हणालो. "घरी करा ना हे."

"घरी पोचलो तर घर," साडू म्हणाले. तीन डिस्क भरल्याशिवाय ते उठले नाहीत. मी मनातून पुरता तापलो होतो.

मग धावत आम्ही बडग्याचा टेम्पो गाठला. पुतळा जाळायला उतरवायच्या आधी बुवा त्याच्यापाशी गेले. टोपी काढली, बडग्याच्या पायावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटले. साडूंनी ते सगळं टिपलं. त्याच वेळी मागून गर्दीचा लोंढा आला, कॅमेऱ्याचा पट्टा तुटला आणि कॅमेरा टेम्पोच्या चाकाखाली गेला. आतल्या कार्डाचे दोन तुकडे झाले.

साडू रस्त्यावर उकिडवे बसून तुकडे गोळा करत राहिले. सकाळचं सगळं तीन जागी सुखरूप होतं. गेलं ते फक्त शेवटचं. पण पुढचे तीन आठवडे त्यांनी गावातलं एकही दुरुस्तीचं दुकान सोडलं नाही. प्रत्येक जण मान हलवी. साडू तुकडे पुन्हा रुमालात बांधून पुढच्या दुकानात जात.

शेवटी आम्ही बाकीचे फोटो घेऊन बुवांकडे गेलो. मुलीने एकेक फोटो त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. बुवा लहान मुलासारखे हसत होते. साडूंना राहवलं नाही. "बुवा, एक राह्यला. तुम्ही पाया पडले तो. माह्यानं नाही वाचवता आला."

"जाऊ द्या ना गा," बुवा म्हणाले. "माह्यं काम तर दरसाल जळते. म्हनून तर पुन्हा बनवाले भेटते."

पुढचा पोळा यायच्या आधीच बुवा गेले. बडग्या मुलीने बांधला.

परवा साडू घरी आले होते. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी अचानक विचारलं, "तू तर बाजूलेच उभा होता ना गा त्या दिवशी? मी तर कॅमेऱ्याच्या काचेतूनच पाहून राह्यलो होतो. बुवा बडग्याले काय म्हणाले?"

मी आठवून सांगितलं. ढोलांच्या आवाजात अर्धंच ऐकू आलं होतं. "जा बाबू, सांभाळून जा," एवढंच.

साडूंनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "जाळाले चालला होता, अन् सांभाळून जा म्हणते."

चहा निवून गेला होता. तो तसाच पिऊन ते उठले.