पातमाकाल राजाचा शिलास्तंभ

पद्माकर धामणकर मूळचा इस्लामपूरचा. जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या कचेरीत तो वर्षानुवर्षं पंपातल्या एका रबरी रिंगेवर काम करत आला. रिंग कधी गळली नाही, त्यामुळे पद्माकरचं नाव कधी कुणाच्या तोंडी आलं नाही. तिकडे गावात त्याच्या चुलतभावाने उभ्या आयुष्यात बुलेट पळवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, तरी वाढदिवसाला चौकात त्याचा हा एवढा फ्लेक्स लागायचा. डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल, खाली शुभेच्छुकांची मुंडकी. जर्मनीत चौक होते, फ्लेक्सची सोय नव्हती. म्हणून पद्माकर मराठी मंडळाचा अध्यक्ष झाला. आणि २०१६च्या गणपतीत, आरतीनंतरच्या सभेत, त्याला पुन्हा अध्यक्ष व्हायचं होतं. गाठ होती मंडळाच्या संस्थापकांशी, भास्कररावांशी.

अशात त्याच्या बायकोची, स्नेहलताची भाची वीणा बर्लिनहून जेवायला आली. ती मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या शिलालेखांवर पीएचडी करत होती. तिने फोनवर एक उंच दगड दाखवला. त्यावर पिसांचा मुकुट घातलेला राजा कोरलेला, भोवतीने त्याचे पराक्रम.

"दर काही वर्षांनी राजा असा एक स्तंभ शहराच्या चौकात उभा करायचा."

पद्माकरचा घास हातातच राहिला. "म्हणजे फ्लेक्सच की गं!"

"फ्लेक्सच, काका. फक्त पावसात टिकतो. आणि शत्रू जिंकला की चेहरा फोडून टाकतो."

"आमच्याकडे शेण मारतात. एकूण संस्कृती एकच."

यंदाचा देखावा ठरला: माया नगरी. बाउमार्क्टमधून, म्हणजे बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून, घराच्या भिंतींना लावायचे थर्माकोलचे जाड पत्रे आले, पिरॅमिड झाला, त्यापुढे पुरुषभर उंचीचा स्तंभ. त्यावरच्या राजाला पोट होतं आणि चष्मा होता.

"अहो, यात गणपती कुठे बसणार?" स्नेहलताने विचारलं.

"बसेल की. बाजूला."

लेक उर्जा एकच जर्मन शब्द बोलली, "पाइनलिश!" म्हणजे लाज आणलीत. आणि खोलीत निघून गेली.

नाव कोरायला वीणा बसली. "काका, माया लिपीत 'द' नाही, 'र' नाही. तुम्ही होताय पा-त-मा-का-ल."

"चालेल. राजाला शोभतंय."

"आणि राजाच्या पायाखाली कैदी लागतो. हात बांधलेला. त्याचं नाव मांडीवर कोरतात."

पद्माकर विचारात पडला. मग दार लोटून घेऊन हळूच म्हणाला, "लिही भास्कर. इथे कुणाच्या बापाला वाचता येतंय?"

गणपतीत मंडळाच्या हॉलवर आरती झाली. पद्माकरने मोठ्या ऐटीत वीणाला पुढे बोलावून आपलं नाव वाचायला लावलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात पुढच्या खुर्चीतून भास्कररावांनी काठी उचलली. "बरं का पोरी, त्या खाली पडलेल्याच्या मांडीवर काय लिहिलंय?"

वीणाने काकांकडे पाहिलं. काका समईची वात सारखी करू लागले.

"बासकाल," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे... भास्कर."

मोदकाच्या रांगेतली पोरंही रांग सोडून कैद्याची मांडी बघायला पुढे आली. दोन वर्षांची अध्यक्षगिरी समईपाशीच विझतेय हे पद्माकरला स्पष्ट दिसलं. वीणा मात्र घाईघाईने बोलू लागली.

"आजोबा, हा मान असतो हं! माया राजे पकडलेल्या सरदाराचं नाव आपल्या पदवीत घालायचे. वर बघा, 'बासकालचा राखणदार पातमाकाल', राखणदार म्हणजे त्याला पकडून ठेवणारा. सरदार जेवढा नामांकित, तेवढा राजा मोठा. लुंग्यासुंग्याला पकडून कोण मिरवणार?"

भास्करराव उठले. चष्मा पुसून त्यांनी मांडी पाहिली, मग पदवी पाहिली. "म्हणजे माझं नाव दोनदा?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," वीणा म्हणाली.

"आणि याचं?"

"एकदा."

"आणि माझ्यामुळे हा मोठा?"

वीणाने मान डोलावली. भास्कररावांचा चेहरा असा उजळला, की देखाव्यावरचे दिवे मंद वाटावेत.

"मग कसली निवडणूक घेऊन बसलात?" ते सभेकडे वळले. "अध्यक्षाने हॉलचं बुकिंग करायचं, इमारत सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरची बोलणी खायची, खुर्च्या मोजून परत द्यायच्या. मला हे असं नाव फुकटात मिळतंय. माझा अर्ज मागे. राज्य करू दे पद्माकरला."

पद्माकर बिनविरोध निवडून आला. कुणीतरी अभिनंदन करेल म्हणून तो स्तंभाशेजारी हार सावरत थांबला. पण सगळी गर्दी खाली वाकली होती. भास्करराव कैद्याशेजारी जमिनीवर हात मागे बांधून पहुडले होते, आणि त्यांच्यासोबत फोटो काढायला रांग लागली होती. उर्जासुद्धा रांगेत होती, हसत.

"पद्माकर," खालून आवाज आला, "जरा सरक रे. सावली पडतेय."

अध्यक्ष सरकले.