उलटं फिरवलेलं पातं

वारंगा फाट्यावर मुंजाजी पाईकरावच्या शेडमध्ये मोटार दुरुस्तीला घेऊन आलेला माणूस आधी आपल्या मोटारीकडे बघायचाच नाही. तो बघायचा कोपऱ्यातल्या धुडाकडे. मधे लोखंडी पोट आणि त्याच्या भोवती, बैलगाडीच्या चाकाला आरे असावेत तशी, नऊ सिलिंडरं. हे काय म्हणून कोणी विचारलं की मुंजाजी हातातल्या पान्यावरची नजर न उचलता सांगायचा, "विमानाचं इंजिन हाय. तुह्या बोअरला न्हाई बसायचं."

शहाण्णव साली भंगाराचा एक ट्रक फाट्यावर डिफरन्शियल मोडून बसला होता. त्यात हे इंजिन होतं. मुंजाजीने तीन दिवस ट्रकखाली लोळून गाडी चालती केली आणि मजुरीच्या बदल्यात इंजिन उतरवून घेतलं. बायको करुणा म्हणाली, "लोकं मजुरी घेऊन घरी येतात, तुमी ओझं घेऊन आलात." त्याच दिवशी त्याने शिरड शहापूरजवळच्या तांड्यावर वसराम राठोडला निरोप धाडला.

वसराम दोन गाड्या बदलून आला. सिलिंडरच्या पातळ पात्यांवरून त्याने बोटं फिरवली, तळहाताचा वास घेतला आणि खाली बसून रडायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, ऊस तोडून तोडून हात चिरलेले. त्याला वाटलं, दोस्ताने आपल्यासाठी केवढं केलं! मुंजाजी तोंड फिरवून उभा राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

तीस वर्षांपूर्वी हे दोघं आसामात चहाच्या पेट्या वाहणाऱ्या एका कंपनीत होते. हैदराबादेत एकत्र काम शिकले, एकाच गाडीने तिकडे गेले, एकाच ताटात जेवले. कंपनीची विमानं जुनी, लढाईतली, अशाच गोल इंजिनांची. या इंजिनांची एक खोड असते. रात्रभर उभी राहिली की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. म्हणून सकाळी चालू करण्याआधी पंख्याची पाती हाताने फिरवायची, पंधरा पाती मोजून. तेल तसंच राहिलं आणि इंजिन चालू केलं तर आतला दांडा वाकतो. वाकलेला दांडा लगेच मोडत नाही, हेच त्यातलं वाईट.

सदुसष्टच्या त्या सकाळी पाती वसराम फिरवत होता. सातव्या पात्याला पंखा अडला. उशीर झाला होता, पायलट घड्याळ दाखवत होता. मुंजाजी शिडीवरून ओरडला, "थोडं मागं फिरव, सुटंल!" वसरामने मागं फिरवलं. सुटलं. पुढची पाती मोजून त्याने पंधरा पुरी केली. विमान उडालं आणि धावपट्टीच्या टोकाशीच इंजिन फुटून चहाच्या मळ्यात कोसळलं. तीन माणसं गेली.

चौकशीला कलकत्त्याहून म्हातारा इंजिनिअर आला होता. त्याने मुंजाजीला एकट्याला खोलीत विचारलं, पातं कोणी उलटं फिरवलं होतं का? उलटं फिरवलं की तेल वरच्या नळीत चढतं, अडलेला पंखा मोकळा वाटतो, आणि इंजिन सुरू होताच तेच तेल परत खाली ओढलं जातं. मुंजाजीला हे त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. तो पंचवीस वर्षांचा होता, घाबरला होता. म्हणाला, नाही साहेब. मग उरला एकच दोष, वसरामने पाती कमी मोजली. वसरामला काढून टाकलं. उलटं फिरवण्याबद्दल त्याला कोणी विचारलंच नाही, आणि ते सांगण्यासारखं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

मुंजाजी पुढं सात वर्षं तिथं नोकरी करून मानाने परत आला. वसराम ऊसतोडीला गेला. पंधरा मोजली की चौदा, हे त्याला काही केल्या उमगेना. लग्नात, बारशात, कुठंही तो मधेच बोटं मोजायला लागायचा. त्याची बायको सेवा तांड्यावरच्या बायकांचे टोमणे ऐकत राहिली, माणसं मारून आलेल्याची बायको म्हणून. ती दोन हजार एक साली गेली.

अशा माणसाला मुंजाजीने इंजिन दिलं, खरं दिलं नाही. मी म्हणतो, हे पाप पहिल्यापेक्षा मोठं. पहिलं भीतीपोटी घडलं होतं, हे रोज ठरवून होत होतं. सात वर्षं वसराम दर रविवारी यायचा. परभणी तुटून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, फाट्यावर टेलिफोनचे बूथ आले, पण या दोघांचं बोलणं झडपा आणि रिंगांपलीकडे गेलं नाही. सुताराकडून सागवानी पंखा करून घेतला. नळ्या फाट्यावरच वाकवल्या. मुंजाजीने इंजिनाच्या इंग्रजी पुस्तकातलं पानन् पान वसरामला वाचून दाखवलं, एक पान सोडून. आणि तरी खरं सांगायचं तर त्या रविवारांइतकं सुख दोघांनाही दुसरीकडं कुठं मिळालं नव्हतं.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत इंजिन तयार झालं. शेडबाहेर दगडी ओट्यावर ते बोल्टांनी आवळलं, ट्रकच्या बॅटऱ्या जोडल्या. पाती फिरवायला वसरामच पुढं झाला. मोठ्यांदा मोजत होता. नवव्या पात्याला पंखा अडला.

"मागं फिरवू का रे थोडं?" वसराम म्हणाला आणि त्याने हात पलीकडे घातला.

"न्हाई!" मुंजाजी जिवाच्या आकांताने ओरडला. "मागं नको फिरवू! तेल नळीत चढंल, दांडा वाकंल!"

वसरामचे हात पात्यावरच राहिले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "हे तुला कवापासून ठावं?"

मुंजाजीच्या तोंडापर्यंत खोटं आलं होतं, पण या खेपेला बाहेर पडेना. "चौकशीपासून," तो म्हणाला.

"म्हंजे मी पंधरा मोजले व्हते?"

"व्हय. बराबर मोजले व्हते."

"अन् इंजिन बिघडू नये म्हणून तू आज वरडलास." वसरामने पंख्यावरचा हात काढला, धोतराला पुसला. "लोखंडासाठी तोंड उघडलं तुहं. माह्यासाठी काहून न्हाई उघडलं?"

तो पायी सडकेपर्यंत गेला आणि आलेल्या पहिल्या गाडीत बसला. ती कुठं जाते हेही त्याने विचारलं नाही.

मुंजाजीने इंजिन चालू केलं नाही. कंपनी कधीच बुडाली होती, चुकीची कबुली द्यायला दार उरलं नव्हतं. आठ दिवसांनी तो तांड्यावर गेला. तांड्याचा प्रमुख असलेल्या नाईकाच्या ओट्यासमोर पंधरा-वीस माणसं होती. त्यांच्यापुढं उभं राहून त्याने सगळं सांगितलं, आपल्या नावानिशी, पायलटच्या घड्याळासकट. वसराम घराबाहेर आला नाही. लोकांनी ऐकून घेतलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी बसही म्हटलं नाही.

तो निघाला तेव्हा वसरामची मुलगी ज्योती मागून आली. तिच्या हातात मुंजाजीने दर दिवाळीला तिच्या आईला नेलेल्या लुगड्यांची चळत होती. सगळी कोरी, एकही नेसलेलं नव्हतं.

"आई म्हणायची, पाईकराव देवमाणूस हाय. सणावारालाबी नेसायची न्हाई, जपून ठेवायची," ती म्हणाली. "काका, तुमी आमच्या दारात बसून चहा प्यायचात तवा ती समोरच व्हती. एकदा तिला सांगितलं असतं, तर ती मान वर करून मेली असती."

मुंजाजीने हात पुढं केले. ज्योतीने लुगडी त्याच्या हातावर ठेवली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.