हवा बसेपर्यंत

मुकुटबनहून कार्ड आलं, त्याला आता महिना झाला. रामधनभाऊ गेले. चारच ओळी होत्या, तरी मी सकाळभर कार्ड हातात धरून उभी होते... यवतमाळच्या एका दवाखान्यातल्या क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत आम्ही आठ वर्षं एका टेबलाशी काम केलं. ते तंत्रज्ञ, मी मदतनीस.

विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मी नोकरीला लागले. वकिलाच्या घरातली मुलगी थुंकीच्या डब्या हाताळणार म्हणून आईनं दोन दिवस अबोला धरला होता. भाऊ तांड्यावरचे, त्यांचे आजोबा बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. उन्हाच्या तिरपेत धूळ तरंगत होती. "हे दिसते, म्हणून आपण नाक झाकतो, बाई. थुंकीतून जे उडते ते याच्याहून हलकं. तासभर हवेत राह्यते." मला वाटलं, नवखीला घाबरवतायत. पण डबी उघडताना हा आडदांड माणूस दुधावरची साय मोडू नये इतक्या हळू हात चालवायचा, आणि भर मे महिन्यातही खोलीत पंखा लावू द्यायचा नाही.

तो मीच लावला. त्या दुपारी भाऊंचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता, मला राहवलं नाही. "स्वतःला शिजवून घेणार आहात का?" म्हणत बटण दाबलं. ते दचकून वळले आणि हातातली थुंकीची नळी निसटून फरशीवर फुटली.

"बाई, बाहीर व्हा! श्वास घेऊ नोका!"

मला ढकलून त्यांनी दार आतून लावलं. खिडक्यांबाहेर कडुनिंबाखाली रोगी लेकराबाळांसकट बसले होते. दाराच्या काचेतून मी बघत होते. भाऊंनी पंखा बंद केला, एकेक खिडकी लावली, सांडलेल्यावर फिनेल ओतलं, मगच बाहेर आले. दाराला कुलूप घालून म्हणाले, "आता हवा बसू द्या." साहेबांना भाऊंनीच लिहून दिलं, "माझ्या हातून नळी फुटली." पंख्याचं नावही नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. निळ्यावर लाल काड्या, क्षयाचे जंतू, जिकडेतिकडे.

"कोणाची हो?"

"माही."

आणि वहीत स्वतःचं नाव त्यांनी इतरांच्या नावांखाली, त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं.

वर्षभर सुया-गोळ्या झाल्या, बरे होऊन ते टेबलाशी परत आले. पण एक फुप्फुस कायमचं आखडलं होतं, शेवटी त्यानंच दगा दिला.

मागच्या आठवड्यात मी मुकुटबनला भाऊंच्या घरी गेले. भाऊंची बायको सोनाबाई तूर निवडत बसल्या होत्या. मी एकदाचं सांगून टाकलं, पंखा मी लावला होता. त्यांचा हात थांबला नाही.

"मले माहीत हाये. त्याच दिवशी सांगतलं त्यायनं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"त्यायनंच बजावलं होतं. म्हणे, बाईच्या मनाले लागन, काम सोडून देईन. हात चांगला हाये तिचा."

मला रडू आवरेना... अंगणात एक बाज होती. लेकरांना लागण नको म्हणून भाऊ आजारपणात थंडीतही तिच्यावर बाहेर झोपले, पुढे तीच सवय राहिली. सोनाबाई अजून रोज ती उन्हात सरकवतात. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या, पदरानं बाज पुसली आणि मला तिच्यावर बसवलं.