पिन अजून आली नाही

माझा स्वभाव तापट आणि माझं दुकान बंदुकांचं. यावर आमच्या नातेवाइकांचे करायचे तेवढे विनोद करून झाले आहेत. वडील गेल्यावर मेनरोडजवळच्या गल्लीतलं हे दुकान परवान्यासकट माझ्या नावावर आलं, त्याला बरीच वर्षं झाली.

दिवस वाईट आले की लोक घाबरून बंदुका घेत असतील, असं मला पुष्कळ जण सांगतात. साफ खोटं. महागाई वाढली की माझ्याकडे लोक बंदूक विकायला येतात. काडतुसांचा भाव ऐकून मळ्यात रानडुकरं हाकलणारेसुद्धा "त्यापेक्षा फटाके परवडले" म्हणून पायरी उतरतात. निवडणुकीत लायसनवाल्यांना आपली हत्यारं जमा करावी लागतात, तेव्हा तेवढी गर्दी होते. एरवी मी पुसलेल्याच नळ्या पुन्हा पुसते, दारापर्यंत जाते, परत येते. शेजारी मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते, याचा मला उगाचच राग येतो.

एक गिऱ्हाईक मात्र मंदीनेच आणलं. कारखान्यातून कमी केलेली माणसं. साध्या वॉचमनपेक्षा स्वतःची बंदूक असलेल्या गनमॅनला पगार बराच जास्त मिळतो.

सिन्नरचा तो माणूस त्यातलाच. पंचेचाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, कमरेला अजून कंपनीचाच पट्टा. आपल्या वडिलांच्या मागे त्याने स्वतःच्या नावाचं लायसन करून घेतलं होतं, पण बंदूक घ्यायचं जमलं नव्हतं. लायसनवर बंदूक घ्यायची मुदत असते, ती टळली की लायसन रद्द. त्याची एकदा वाढवून झाली होती. माझ्याकडे एक जुनी डबल बार, दोन नळ्यांची बारा बोअर बंदूक होती. ती बघायला तो दर पंधरा दिवसांनी यायचा, दस्त्यावरून हात फिरवायचा आणि "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणायचा. नव्या बंदुकांचे भाव चढले तसे जुनीचेही चढले. "तुमच्या पुढच्या महिन्यापायी ही म्हातारी होईल," असं मी एकदा खेकसलेही. तो नुसता हसला.

शेवटी मुदत संपायला आठ दिवस असताना तो पीएफचे पैसे आणि नोकरीचं पत्र घेऊन आला. पत्रात बंदूक असेल तरच, असं लिहिलं होतं. दिवाळीपासून माझ्याकडे एकही बंदूक विकली गेली नव्हती, म्हणून मला आनंद लपवता येईना. पण वडिलांचा एक नियम होता. घरातल्या माणसाने बघितल्याशिवाय बंदूक द्यायची नाही. ती घरात जाते, तर घराने तिला बघावं, असं ते म्हणायचे. मी म्हटलं, उद्या बाईंना घेऊन या.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. बंदुकीकडे बघून "चांगली हाय" एवढंच म्हणाल्या. दोघं गेले आणि पाच मिनिटांत बाई एकट्याच परत आल्या. पिशवी विसरली होती. विसरली कसली, त्यांनी ती मुद्दाम खुर्चीखाली सारली होती.

"ताई, नका देऊ त्यांना," त्या उभ्याउभ्याच बोलल्या. "नोकरी गेल्यापासनं झोप नाय त्यांना. परवा म्हणले, माझ्यापरीस माझा इमा महाग हाय. तारीख जाऊ द्या ना. मी बोलले तर ऐकायचे नायत."

वडिलांनी घरच्यांना विचारायला शिकवलं, पण घरच्यांनी नको म्हटलं तर काय करायचं ते सांगितलं नाही. त्यांच्या वेळी तशी वेळच आली नसेल. बाई बसस्टँडकडे गेल्या आणि मी दुकानात येरझाऱ्या घालत राहिले. त्या नोकरीनेच त्याला झोप लागली असती तर? आणि न लागली तर?

सकाळी तो कागद करायला आला. मी म्हटलं, बार उडवायची पिन बाद झाली आहे, नवी मागवली आहे.

"पिन मागनं बसवू, आज नावावर तर करा."

"बिघडलेलं हत्यार मी विकत नाही," मी तापल्या आवाजात म्हटलं. त्याला ते पटलं. माझ्या तापटपणाला सगळे सरळपणा समजतात.

तो रोज आला. पिन आली का, विचारायचा. मी नाही म्हणायचे आणि हिशोबाचं पुस्तक उगाच उघडायचे. दुसरं हत्यार त्याच्या पैशांत बसत नव्हतं. शेवटच्या दिवशी तो सकाळपासून बाकावर बसून होता. मी दोनदा चहा मागवला, त्याने एकदाच घेतला. सरकारी कचेऱ्या बंद व्हायची वेळ झाली तेव्हा उठला, "तुमचा तरी काय दोष," म्हणाला आणि गेला. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा संतापही आला.

मग काही महिने मी पेपर उघडताना आधी सिन्नरची बातमी शोधायचे.

गेल्या आठवड्यात गंगापूर रोडला एका लग्नाला गेले. गाड्या लावून घ्यायला गेटवर तो उभा, हातात काठी, गळ्यात शिट्टी. जिवंत बघून मला इतकं हायसं वाटलं की मी रिक्षावाल्याचे सुटे घ्यायचेच विसरले. त्याने मला सलाम ठोकला.

"झोप लागते का हो?" माझ्या तोंडून गेलंच.

"नाइट ड्यूटीवाल्याला कसली झोप, ताई!" तो हसला. कंपनीचा पट्टा आता आणखी आतल्या भोकावर आला होता. "काठीच्या पगारात भागत नाय. लायसनला परत अर्ज टाकलाय. ह्या खेपेला फॉर्म आमच्या मंडळींनीच भरला, सही तेवढी माझी."

मागे गाडीवाले हॉर्न वाजवत होते.

"पिन आली का?" त्याने विचारलं.

ती पिन पहिल्या दिवसापासून बंदुकीतच होती.

"नाही अजून," मी म्हटलं.