शॉर्टस्टॉपची ओली माती

दुपारचे चार वाजलेले. बाकांवर चिटपाखरू नाही. सगळा उजेड मैदानाच्या तांबड्या मातीवर, आणि त्या मातीत एक बुटका तरुण अनवाणी चालतोय. मध्येच वाकतो, चेंडू वेडावाकडा उडवील असा खडा उचलतो, खिशात टाकतो. पाण्याची नळी हातात धरून म्हातारा ह्रुस्का त्याच्याकडे बघत उभा होता.

एल्विन पानियाग्वा. वय तेवीस. डोमिनिकन, उसाच्या वस्तीत वाढलेला. आयोवातल्या या लहानशा गावाच्या बेसबॉल संघात त्याचं हे तिसरं वर्ष. सामन्याच्या पत्रकात उंची पाच फूट आठ इंच. त्यातले तीन इंच छापखान्याने दिलेले.

"खडे कमी झालेत हं, काका."

"रोज खिसे भरून नेतोस, राहतील कुठून? घर बांधतोयस की काय?"

आपल्या खेळाडूला मानवेल अशी माती करून द्यायची, हे मैदान राखणाऱ्याचं कसब. ह्रुस्का ते तीस वर्षं करत होता. एल्विनची जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, शॉर्टस्टॉपची. तिथली माती ओली असली की सरपटत येणारा चेंडू मंदावतो. तसल्या चेंडूवर मांजरासारखं झेपावून फलंदाज धावत पोचायच्या आत पहिल्या बेसकडे फेकावं ते एल्विननेच.

आज वरच्या संघाचा माणूस खेळाडू निवडायला वही घेऊन येणार होता. जागा एकच: एल्विन, नाहीतर त्याच्याच संघातला सव्वासहा फुटी लिंडक्विस्ट. ह्रुस्काने नळी दोनदा जास्तच फिरवली.

मग यादी लागली. शॉर्टस्टॉपला लिंडक्विस्ट! वहीवाल्याला उंच गडी तिथे बघायचा होता. एल्विन दुसऱ्या बेसवर.

ह्रुस्का चरफडला. पण लगेच मनात आलं, बरंच झालं की! हा लंबूटांग नेहमी लांब मागे उभा राहतो. होऊ दे फजिती.

झालीही. पहिलाच चेंडू ओल्या मातीत रेंगाळला, लिंडक्विस्ट उशिरा पोचला. वहीत पेन्सिल हलली. तेवढ्यात एल्विन लिंडक्विस्टकडे धावत गेला, काहीतरी पुटपुटला, बुटाच्या टोकाने माती दाखवली. त्यानंतर तीन चेंडू आले. तिन्ही लिंडक्विस्टने लीलया टिपले.

सामना संपल्यावर मॅनेजरने वरच्या संघाची बातमी द्यायला लिंडक्विस्टलाच आत बोलावलं. बाहेर येताच त्याने एल्विनला उचलून घेतलं.

"खाली ठेव रे, घोड्या!" एल्विन हसत ओरडला. लिंडक्विस्ट गेल्यावर मात्र तो एका बुटाची नाडी सोडून बराच वेळ तसाच बसून राहिला.

ह्रुस्का जवळ आला. "काय सांगितलंस त्याला?"

"दोन पावलं पुढे ये म्हटलं. काकांनी पाणी मारलंय."

"ते तुझ्यासाठी मारलं होतं, गाढवा!"

"माहीत आहे की."

एल्विनने खिशातले खडे बाकावर ओतले आणि शॉर्टस्टॉपच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"उद्यापासून तिथे मीच ना?"

"तूच. दुसरा आहे कोण?"

"मग पाणी आजच्याइतकंच मारा, काका."