पूर्णा स्टेशनात गिळलेल्या चिठ्ठ्या

मंडळी, गाडीतून उतरल्या उतरल्या लिहितोय.

आज दुपारी पूर्णा स्टेशनात निजामाचे पोलीस झडतीला गाडीत चढले. माझ्या मांडीवर किड्यांची पेटी होती. शाळा सांभाळून दोन वर्षं परभणी जिल्ह्यात गोळा केलेले धान्यातले सोंडकिडे. तुरीतला भुंगा दिसतो तसाच, पण त्याला सोंड नसते, म्हणून तो वेगळ्या रांगेत. प्रत्येक टाचणीखाली गावाचं नाव अन् किड्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, वालूर ७, देवगाव १२ अशी.

शेजारी बसलेले काका कुजबुजले, "मास्तर, गावांची नावं अन् आकडे हायत. चळवळवाल्यांच्या बंदुकांची यादी समजतील की."

शिपाई आमच्या बाकापाशी यायच्या आत मी सगळ्या चिठ्ठ्या उपटून गिळल्या.

शिपायानं पेटी उघडली, वाकून लय वेळ बघितलं. मग एका किड्याकडे बोट करून म्हणाला, "आमच्या घरच्या ज्वारीत असलाच हाय. हा कुठला?"

मला सांगता आलं नाही. गाव माझ्या पोटात होतं, आणि गावाविना तो नुसताच मेलेला किडा.

उद्या त्याच गाडीनं परतायचंय. आठवतील तेवढ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहू का? तुमीच सांगा.