सुलतानची बिस्किटे आणि माझे अंगुस्तान

थांबा! बशीतले ते बिस्किट चहात बुडवण्यापूर्वी जरा थांबा. बिस्किट कुणी केले आणि मुख्य म्हणजे कुणासाठी केले, याची चौकशी केल्याशिवाय ते तोंडात टाकू नये, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. आता तो अनुभव सांगायचा म्हणजे आपलीच फजिती आपल्याच हाताने चव्हाट्यावर मांडायची! पण तुमचा चहा अजून कढत आहे आणि या वयात मलाही अब्रूची फारशी राखण करावी लागत नाही. तेव्हा ऐका.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंबरनाथला राहत होतो. आमचे हे कारखान्यात अधिकारी, आणि मी जुनी मॅट्रिक. मॅट्रिकचा उल्लेख मिरवण्यासाठी केलेला नाही. त्या काळी मॅट्रिक झालेल्या बाईकडून लोक नेटकेपणाची अपेक्षा करत, आणि मी ती जरा अधिकच पुरी करत असे, इतकेच. आमच्या फडताळातल्या बरण्या उंचीप्रमाणे उभ्या राहत. शाळेच्या कवायतीतली मुलेही तशी उभी राहत नसतील!

आमच्या शेजारी मोहिनी राहायला आली. मूळची उल्हासनगरची, सिंधी. नवऱ्याचा तिकडे लाकडी फर्निचरचा छोटा कारखाना होता. बाई गोरीपान, आवाज खणखणीत आणि हसणे तर दोन घरे पलीकडे ऐकू जावे असे. पहिल्याच दिवशी तिने मला 'अदी' करून टाकले. अदी म्हणजे सिंधीत थोरली बहीण. मी काही तिला परवानगी दिली नव्हती. पण तिने मागितलीही नव्हती.

तिच्याबरोबर आला सुलतान. तांबूस रंगाचा, एक कान अर्धा तुटलेला, बाजारात लाकडांच्या ढिगामागे अर्धमेला सापडलेला कुत्रा. मोहिनीने त्याला उचलून आणला, जगवला, आणि त्याचे पोट नाजूक म्हणून ती त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने बिस्किटे करत असे. होय, कुत्र्यासाठी! घरी!

"अगं मोहिनी," मी एकदा न राहवून म्हटले, "पोळीचा तुकडा टाकला तर चालत नाही का त्याला?"

"टाकायचा कशाला, अदी? घरचा आहे ना तो! घरच्याला कोणी टाकतं काय?"

असे म्हणून ती पुन्हा कामाला लागली. ज्वारीचे पीठ, गव्हाचा कोंडा, लाल भोपळ्याचा कीस, शेंगदाण्याचे कूट. साखरेचा कण नाही, मिठाची चिमूट नाही. सारे चाळून, निवडून, हाताने मळून. मी ओट्याशी उभी राहून पाहत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, बाई, माणसांसाठीसुद्धा इतक्या निगुतीने करणाऱ्या घरांची नावे मला आठवावी लागतील! तोंडाने मात्र मी एवढेच म्हणाले, "कीस थोडा बारीक हवा होता."

आता मुख्य प्रकाराकडे येते.

तेव्हा घरोघरी ओव्हन नव्हते. दिवाळीच्या आधी बायका नानकटाईचे पीठ घरी मळून मोरिवलीच्या वाटेवरच्या बेकरीत नेत, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडत आणि भाजून झाली की आपापल्या डब्यात भरून आणत. पण भट्टीतून बाहेर आल्यावर सगळे ट्रे सारखेच दिसत. एका वर्षी माझी साजूक तुपातली नानकटाई कुणीतरी घेऊन गेले आणि माझ्या डब्यात वनस्पती तुपातली आली! वर्षभर मला त्याची रुखरुख होती.

म्हणून मी एक पद्धत घालून दिली. प्रत्येकीने आपल्या नानकटाईवर आपली खूण उमटवायची. कुणी काट्याच्या रेघा ओढल्या, कुणी चारोळी बसवली, कुणी करंजीच्या कातण्याने कड कापली. माझी खूण शिवणाच्या अंगुस्तानाची. बोटात घालायची ती पितळी टोपी पिठावर दाबली, की गोल कडे उमटायचे. बेकरीवाल्या उस्मानचाचांना मी भरल्या बेकरीत बजावून सांगितले, "हे कडे ज्याच्यावर असेल, तो माल माझा. यात कधी चूक होणार नाही."

"बराबर, बाई," चाचा म्हणाले. "तुमी सांगितल्यावर चूक कशी होनार?"

कशी होणार, ते पाहा आता!

त्या वर्षी माझ्या नीलाची पहिली दिवाळी होती. तिचे सासर बदलापूरला. माणसे चांगली, पण विहीणबाई म्हणजे माझीच दुसरी आवृत्ती, आणि किंचित सुधारून वाढवलेली! लग्नात त्यांनी जिलबीला पाक कमी, मठ्ठ्याला आले जास्त आणि आमच्या गुरुजींचा आवाज बारीक, असे तीन निकाल एका पंगतीत दिले होते. नीलाची भाजी चिरण्याची पद्धतही त्यांना पसंत नव्हती. तेव्हा ती मला काकुळतीने म्हणाली होती, "आई, मी तुझ्या नानकटाईचं फार कौतुक करून बसलेय तिकडे. सासूबाई नुसतं 'बघू' म्हणाल्या. एवढी एक गोष्ट तरी त्यांना नावं ठेवता येणार नाही अशी पाठव. मग माझंही थोडं ऐकतील."

लेकीची घरातली किंमत डब्यातल्या नानकटाईवर ठरायची होती म्हणा ना! मी तूप घरी कढवले. वेलची स्वतः कुटली. बेकरीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. शेजारच्या ट्रेवर मोहिनी सुलतानची बिस्किटे मांडत होती. मी अंगुस्तान उमटवून टेबलावर ठेवले आणि उस्मानचाचांना भट्टीची आच समजावून सांगायला गेले. ती त्यांना माझ्या जन्माआधीपासून ठाऊक असावी. पण सांगितल्याशिवाय मला राहवले नाही.

परत आले तेव्हा दोन्ही ट्रे भट्टीत गेले होते. यथावकाश डबे भरून मिळाले. मी झाकण उघडून पाहिले आणि धन्य झाले! काय तो सोनेरी रंग! कडे असे रेखीव उमटलेले, की रुपयाच्या नाण्याने लाजावे. नैवेद्य दाखवण्याआधी फराळाचे चाखायचे नाही, हा आमच्या घरचा नियम. त्यामुळे चव पाहण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी जावई कामावरून परतताना आले आणि डबा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहिनी दारात. हातात डबा, चेहरा पडलेला.

"अदी, एक बात पूछूँ? तुमच्या नानकटाईत वेलची होती काय?"

"होती. का गं?"

"मग ती माझ्याकडे आहे."

"आणि माझ्याकडची?"

मोहिनीने सुलतानकडे पाहिले. सुलतानने माझ्याकडे पाहिले.

"पण खूण!" मी ओरडले. हो, मी चक्क ओरडले. "माझी खूण होती ना त्यावर!"

"ती मीच दाबली, अदी. ते पितळेचं टेबलावर होतं. मला वाटलं, अदीने सगळ्यांसाठी ठेवलंय. आणि खरं सांगू? तुमची खूण इतकी सुंदर दिसत होती... म्हटलं, आमच्या सुलतानलाही इज्जतीचं बिस्कुट खाऊ दे."

मी तिथेच रडायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे विहीणबाई आल्या, त्यांच्या दातांखाली गव्हाचा कोंडा आला आणि मागे खाली मान घालून उभी असलेली माझी नीला आली. बदलापूरला त्यांच्याकडे फोन नव्हता. आमचे हे कारखान्यात.

"रडता कशाला? गाडी आहे ना!" मोहिनी म्हणाली.

गाडी म्हणजे फर्निचर वाहून नेणारी मॅटाडोर. आणि ती चालवणार कोण? मोहिनी! पदर कमरेला खोचून ती चढलीसुद्धा. तोपर्यंत मी बाईमाणसाला मॅटाडोर हाकताना पाहिले नव्हते, मग तिच्या शेजारी बसणे दूरच राहिले. पण बसले. आमच्या दोघींच्या मध्ये सुलतान, माझ्या मांडीवर खऱ्या नानकटाईचा डबा. रस्त्यावरचे ट्रकवाले वळूनवळून पाहत होते आणि मोहिनी त्यांना हॉर्न देऊन सांगत होती, "सामने देख, भैया, सामने!" काय तो हात, काय ती नजर! माझा जीव मुठीत होता, तरी मनात म्हटले, आपण मॅट्रिक होऊन काय शिकलो? सायकलसुद्धा नाही!

बदलापूरला पोचलो. पाहते तो काय, व्याही ओसरीवर आरामखुर्चीत बसलेले, आणि त्यांच्या हातात चहात बुडवलेले अंगुस्तानाचे कडे!

"खाऊ नका!" मी फाटकातूनच म्हटले.

"या, या!" विहीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू होते. "तुम्हालाच आठवत होतो. अहो, यांना साखरेचा विकार. गेल्या दिवाळीला हे नुसते ताटाकडे बघत बसले होते. तुम्ही मुद्दाम बिनसाखरेची, पचायला हलकी नानकटाई केलीत! इतका विचार कोण करतं हो? नीलाला मी सकाळीच म्हटलं, तुझी आई म्हणजे आई आहे!"

नीला दारात उभी. लग्नानंतर प्रथमच मी तिला त्या घरात ताठ मानेने उभी असलेली पाहत होते. सांगा, मी काय करायला हवे होते? गप्प बसायला हवे होते, असे तुम्ही म्हणाल. पण व्याह्यांना कुत्र्याचे खाद्य खाऊ घालून गप्प बसणे माझ्या स्वभावात नव्हते.

"विहीणबाई, स्पष्टच सांगते. ही नानकटाई नव्हे. ही कुत्र्याची बिस्किटं आहेत."

विहीणबाई अशा हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"ऐकलंत का? आम्ही बायका फार तर म्हणतो, यंदा जरा बिघडलीच हो! पण स्वतःच्या हातच्या पदार्थाला कुत्र्याची बिस्किटं म्हणायचं? धन्य तुमच्या विनयाची!"

"अहो, विनय नाही! खरंच हिच्या कुत्र्यासाठी केलेली आहेत. विचारा हिला!"

"सच्ची बात है, बहनजी," मोहिनी म्हणाली. "हा आमचा सुलतान. त्याचीच आहेत."

"शेजारीणही तशीच," व्याही कौतुकाने म्हणाले. "संगतीचा परिणाम!"

इतक्यात सुलतान पुढे झाला. व्याह्यांच्या खुर्चीपुढे शिस्तीत बसला आणि त्याने उजवा पाय वर केला. आपली वस्तू आपल्याला मिळावी, असा अगदी रीतसर अर्ज! व्याह्यांनी त्याला एक बिस्किट दिले. कुडुम! दुसरे दिले. कुडुम!

"बघा," विहीणबाई म्हणाल्या, "मुक्या जनावरालासुद्धा चव कळली. आणि तुम्ही अजून नावं ठेवताय!"

आता माझ्याकडे एकच पुरावा उरला होता. मी मांडीवरून आणलेला डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. "ही घ्या माझी नानकटाई. ही चाखा, म्हणजे फरक कळेल."

विहीणबाईंनी तुकडा मोडला, तोंडात घोळवला आणि सौम्यपणे म्हणाल्या, "हं. वर कडं असलं म्हणून काय झालं, ही बाजारची आणलीत वाटतं? राहू दे. घाईत आणावी लागते कधीकधी. पण खरं सांगू, तुमच्या हातचं ते नाही यात."

घरी कढवलेले तूप! स्वतः कुटलेली वेलची!

"याला देऊन बघू," म्हणत व्याह्यांनी माझी नानकटाई सुलतानपुढे धरली. त्याने ती अदबीने तोंडात घेतली. क्षणभर विचार केला. मग चार पावले चालून माझ्यापाशी आला आणि ती माझ्या चपलेवर ठेवून दिली. टाकली नाही हो, ठेवली! नको असलेला आहेर एखादा सभ्य गृहस्थ परत करतो, तशी.

ओसरीवर जो हशा पिकला, त्यात माझी लेक सर्वांत पुढे होती. सासू-सून एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हसत होत्या. तेव्हा त्या दिवसापुरते मी तोंड मिटले. पुढे दर दिवाळीला मोहिनीची बिस्किटे माझे कडे लेवून बदलापूरला जात राहिली. 'कुत्र्याची आहेत' असे मी दर वर्षी न चुकता सांगत असे, आणि माझ्या विनयाची कीर्ती दर वर्षी वाढत असे.

त्या दिवशी परतताना मी मॅटाडोरमध्ये चपलेवरचा चुरा झटकत होते. मोहिनीने एका हाताने चाक सांभाळत दुसरा माझ्या हातावर ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका, अदी. तुमची नानकटाई एकदम फर्स्ट क्लास. पण काय आहे, सुलतान मीठा खातच नाही. कधीच नाही. म्हणून ठेवली त्याने."

किती मोठ्या मनाची बाई! मला खरोखर भरून आले. बदलापूरच्या नाक्यावर तिने गाडी थांबवली आणि माझे तोंड गोड करावे म्हणून गरम जिलबीचा पुडा आणला. तो हातात घेऊन मी डोळे पुसते न पुसते, तोच सुलतानने सगळी जिलबी कागदासकट खाल्ली.